बाबांच्या बंदुकीचा नवा दस्ता

मयूर विहार, दिल्ली
दसऱ्याला अठरा दिवस बाकी

तीर्थरूप बाळदादास,

धाकट्या नंदाचा वाकून नमस्कार (गुडघ्यांनी परवानगी दिली तेवढीच वाकले आहे). रेवतीवहिनींची साखर आटोक्यात असेल आणि तू पहाटे गॅलरीत कपालभाती करून अख्ख्या मजल्याला उठवणं थांबवलं असशील, अशी आशा करते. आमच्याकडे निवृत्तीनंतर जयेशने स्वयंपाकघरात लक्ष घालायला सुरुवात केली आहे. ती एक काळजी सोडली तर बाकी क्षेम आहे.

तुझं नागपूरहून आलेलं पत्र तीनदा वाचलं. ‘जिच्या हातून लहानपणी पडून दस्ता तडकला, तिच्या हाती बाबांची बंदूक सोपवणं मला प्रशस्त वाटत नाही’ हे वाक्य जयेशला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो हसला. त्या दिवशी त्याचा दुपारचा चहा त्यानेच केला. पण दादा, माझं ठरलंय. बाबा शेवटची बारा वर्षं माझ्याकडे होते, बंदूकही इथेच होती, दर महिन्याला तिला तेल मीच दिलं, आणि ती इथेच राहणार. मला शिकार करायची नाही (कायद्याने करताही येत नाही, आणि मयूर विहारात कबुतरांशिवाय आहे काय?). फळीवरून ती खाली काढली की बाबा शेजारी बसल्यासारखे वाटतात, म्हणून मला ती हवी आहे. हे तोंडावर बोलले नसते, म्हणून लिहिते.

परवाना माझ्या नावावर करायला ऑफिसात गेले, तर तिथले बाबूजी माझ्या मागे बघत म्हणाले, ‘सर कहाँ हैं?’ सर गाडी लावायला जागा शोधत होते. बंदूक मी तंबोऱ्याच्या गवसणीतून नेली होती, कारण सोसायटीत उगाच चर्चा नको. (वॉचमनने ‘आंटीजी, गाना सीख रही हैं?’ विचारलं, मी हो म्हटलं, आणि आता दिवाळी मेळ्याच्या कार्यक्रमात माझं नाव घातलंय. ते निस्तरायचं बाकी आहे.) बाबूजींनी बंदूक उलटसुलट करून सांगितलं की नंबर दिसत नाही. दिसणार कसा? साठ वर्षं दर खंडेनवमीला बाबांनी हळदकुंकू नेमकं नंबर आणि कारखान्याचा छाप असलेल्या जागीच वाहिलं, कारण तिथल्या खाचांत ते छान धरून बसतं. आणि वाहिलेलं पुसायचं नाही, अशी आईची सक्त ताकीद.

मग जुन्या दिल्लीत नसीम उस्ताद म्हणून परवानाधारक दुरुस्तीवाले आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, ‘बहनजी, ये राइफल है या मंदिर?’ तेल आणि लाकडाची काडी घेऊन दीड तास खरवडत होते. लाल थर, पिवळा थर, परत लाल. शेवटी छाप दिसला. दादा, मन घट्ट कर. कुठल्याशा महाराजांनी आजोबांना भेट दिलेली विलायती बंदूक म्हणून तू जी लोकांना सांगतोस, ती बंगालमधल्या सरकारी कारखान्यात एकोणीसशे अठ्ठावन्न साली बनलेली आहे. आपल्या सगळ्यांसारखीच सरकारी खात्यातली निघाली.

नंबराची गंमत तर पुढेच आहे. परवान्यावर शेवटचा आकडा तीन, बंदुकीवर आठ. बाबा पहिला परवाना काढायला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गेले होते, हे तूच सांगायचास. इंग्रजी आठाची डावी बाजू ताज्या कुंकवाने बुजली, त्याचा तीन दिसला, आणि पूजेतल्या वस्तूवर बोट फिरवायची कारकुनाची छाती झाली नाही. पुढे सगळ्यांनी तीनच उतरवून घेतला. नशीब, बाबा बोल्ट (गोळी आत सरकवायचा दांडा, त्यावरही तोच नंबर कोरलेला असतो) काढून वेगळा कपाटात ठेवायचे. त्याची पूजा कधी झाली नाही, म्हणून त्यावरचा आठ लख्ख आहे. बाबूजींनी तो मान्य केला.

दस्ता मात्र वाचण्यासारखा नव्हता. तुझी ती प्रसिद्ध तडक आता मधोमध गेली होती. अक्रोडाचा नवा घालायचा ठरला. उस्ताद टेप घेऊन जयेशचा हात मोजायला लागले. मी माझा पुढे केला. ‘आप चलाएँगी?’ म्हणाले. मी म्हटलं, ‘बिल्कुल.’ दस्ता आता माझ्या मापाचा, दोन इंच आखूड आहे. तू खांद्याला लावलास तर अंगठा नाकावर आदळेल, तेव्हा तुझा दावा तसाही उपयोगाचा नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझी,
अलकनंदा

ता. क. इतर वारसांची ना-हरकत महिनाभरात दिली नाही तर बंदूक कायमची पोलिसांच्या मालखान्यात जाईल. वारस म्हणजे तू एकटाच. कागद सोबत आहे, फुली केली आहे तिथे सही कर.

आणखी एक ता. क. उस्तादांनी जुन्या दस्त्याच्या टोकाची लोखंडी पट्टी काढली, तेव्हा आतल्या पोकळीत एक चिठ्ठी निघाली. अक्षर बाबांचं. जशीच्या तशी उतरवते: ‘खंडेनवमी, १९७२. बाळने दस्त्याने नारळ फोडला. दस्ता तडकला. नंदाने आपल्या हातून पडली असे सांगितले. दोघांनाही रागावलो नाही. मोठा झाला की बाळ आपणहून सांगेल.’

मला वाटत होतं, हे फक्त आपल्या दोघांना माहीत आहे. तुझी मॅट्रिक होती आणि तू माळ्यावर बसून रडत होतास, म्हणून मी बोलले. त्याचं मला काही नाही. पण पुढे तू ती गोष्ट इतक्या लग्नांत रंगवून सांगितलीस की तुला स्वतःलाच खरी वाटायला लागली, त्याचं वाईट वाटतं. बाबा त्या प्रत्येक लग्नात पहिल्या रांगेत बसून ऐकत होते.

शेवटचा ता. क. चिठ्ठीचा फोटो वहिनींना पाठवायला फोन हातात घेतला होता, परत ठेवला. कागद पोस्टाने पाठवू नकोस, खंडेनवमीला घेऊन ये. पूजा नव्या दस्त्याची आहे. नारळ तूच फोडायचा. दगड मी आणून ठेवला आहे.