बुलोबाच्या घराला सही हवी

४ मार्च, सोमवार

हरकत! इसार देऊन झाला, गावच्या चेअरमनचा शिक्का झाला, आणि आज वकीलबाई सांगतात, बुलोबा गावातल्या त्या घरावर हरकत नोंदवलेली आहे. कुणी नोंदवली? घर विकणाऱ्या लुबोवाच्याच बायकोनं! एडिसा तिचं नाव. नवऱ्यानं मला न विचारता राहतं घर विकायला काढलंय, असा तिचा अर्ज.

"मग त्यानं तिला समजवावं की," मी म्हटलं.

"समजावून भागत नाही, सालोंगो. राहत्या घराला बायकोची लेखी संमती लागते. ती नसेल तर तुमचं खरेदीखत म्हणजे रद्दी."

जुळी झाल्यापासून आमचं सगळं न्देबा मला सालोंगो म्हणतं नि माझ्या बायकोला नालोंगो. वकीलबाईही म्हणतात. मान देतात आणि मग खिळा ठोकतात.

लुबोवाला फोन केला. "अहो, घरातली कुरबुर ती! आठवड्यात मिटवतो."

काय माणूस! स्वतःच्या बायकोला न विचारता घर विकायला काढतो!

६ मार्च

डोकं फिरलंय. ईस्टरच्या आत आमचं हे न्देबाचं घर रिकामं करून ते विकत घेणाऱ्या काग्वाला द्यायचं आहे. त्याचा इसार मी घेतला, तोच पुढे लुबोवाला दिला. बुलोबाचं अडलं तर आम्ही चौघं कुठे जायचं? वखारीतल्या फळ्यांवर झोपायचं?

आणि हे सगळं कुणासाठी? नालोंगोसाठीच ना! वखारीला लागून घर. दिवसभर करवतीचा आवाज, ताटात भुसा. बुलोबाला हवा आहे, केळीची बाग आहे. इसार दिला त्याच दिवशी तिला सांगितलं होतं. ती 'म्म्' म्हणाली होती. आज सकाळी म्हणाली, आपल्या फणसाला यंदा खूप लागलेत. मी म्हटलं, काग्वा खाईल!

८ मार्च

महिला दिनाची सुट्टी. जमीन कचेरी बंद. एका बाईनं माझं घर अडवलंय आणि सरकार बाकीच्यांचे सत्कार करतंय!

१४ मार्च, गुरुवार

आज नाटक झालं.

लुबोवा वकीलबाईंच्या कचेरीत बायकोला घेऊन आला. ठसठशीत बाई, अंगात नवाकोरा गोमेसी झगा, पट्ट्याची गाठ अशी की अख्खी खुर्ची भरली. संमतीचा कागद पुढे सरकला. मी मनात म्हटलं, सुटलो. बाईनं पेन उचललं आणि विचारलं, "लुबोवा, कुठे करू सही?"

माझे कान टवकारले. फळीवर बोट वाजवून आतली पोकळी ओळखणारा माणूस मी. आमच्याकडे कुठली बायको नवऱ्याला नावानं हाक मारते? नालोंगोनं इतक्या वर्षांत माझं नाव घेतलेलं नाही. रागातसुद्धा नाही.

मी गोड आवाजात म्हटलं, "एडिसा, परसातली पाण्याची टाकी गळतेय म्हणे?"

"हो ना! कधीचं सांगतेय यांना."

परसात टाकीच नाही!

लुबोवा घाम पुसत म्हणाला, "मावसबहीण आहे हो. पण जवळची!"

वकीलबाईंनी कागद ओढून घेतला. "सालोंगो, या सहीवर घर घेतलं असतं ना, तर खऱ्या एडिसानं कोर्टातून तुम्हाला चपलांसकट बाहेर काढलं असतं."

बाहेर आल्यावर लुबोवा मलाच म्हणतो, "तुम्हाला काय गरज होती टाकीबिकी काढायची?"

१५ मार्च

इसार परत मागितला. म्हणतो, खर्च झाला. कवडीच्या मोलाचीही अब्रू नाही या माणसाला.

२१ मार्च

नालोंगोला घेऊन थेट बुलोबाला गेलो. बायका बायकांशी बोलतील, काम होईल, असा हिशेब.

एडिसा म्हणजे काटकुळी, सावकाश बोलणारी बाई. गुडघे टेकून रीतसर विचारपूस केली, शेंगदाण्याचं कालवण घालून उकडलेल्या केळ्यांचे मातोके वाढले, आणि मग म्हणाली, "तुमच्यावर माझा राग नाही. भावही वाईट नाही. पण मला कळलं कसं ठाऊक आहे? दलाल फीत घेऊन माझी खोली मोजत होता. मी विचारलं, काय मोजतोस रे? तर म्हणाला, आजी, विकलं ना हे! या भिंतींची माती मी तुडवली आहे, सालोंगो. पोटात पोर असताना."

मी बरंच बोललो. लाकूड विकताना बोलतो तसं. ती ऐकून घेत होती, आणखी मातोके वाढत होती.

मग दोघी केळीत गेल्या, तासभर परतल्या नाहीत. हसण्याचे आवाज येत होते. येताना गाडीत विचारलं, काय म्हणाली?

"केळी छान राखल्यात तिनं."

"त्या आता तुझ्याच!"

ती खिडकीबाहेर बघत होती. दमली असेल.

२९ मार्च

काग्वा दाराशी. सोबत गवंडी! माझ्याच बैठकीत उभे राहून कुठली भिंत पाडायची ते ठरवत होते. नालोंगो चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली, मग तशीच आत गेली. चहा आलाच नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

३१ मार्च, रविवार

चर्चहून येताना नालोंगो आपण होऊन बोलली. "एडिसा आता भावाकडे जाऊन बसलीय. लुबोवानं तिथं जावं. कोंबडा घेऊन, चुकलो म्हणून. आणि तिच्या माणसांसमोर विचारावं, घर विकू का? तिचं सहीवरून अडलेलं नाही. विचारण्यावरून अडलंय."

बायको हुशार आहे माझी! लगेच लुबोवाला फोन. "कोंबडा? या वयात? सासुरवाडीत हसतील मला!"

"हसू देत. नाहीतर इसार टाक परत."

६ एप्रिल

गेला! कोंबडा घेऊन गेला! मेहुण्यांनी आधी दोन तास अंगणात उन्हात बसवून ठेवला म्हणे. एडिसा आतून बघत होती. मग म्हणाली, कोंबडा बारीक आहे, पण चालेल.

९ एप्रिल, मंगळवार

एडिसानं सही केली. खरी एडिसा, खरी सही! अर्ध्या पैशात तिच्या नावावर जागा घ्यायची, असं लिहूनही घेतलं. हरकत मागे. लुबोवा कोपऱ्यात गरीब होऊन बसला होता. जाता जाता त्याला म्हटलं, "बाबा रे, आधीच विचारलं असतंस तर एवढं रामायण झालं असतं का?"

मी उठलो तशा वकीलबाई म्हणाल्या, "बसा. आता काग्वाची फाइल. तुमच्या न्देबाच्या घराची. तिथं एक सही राहिली आहे."

"मी तर केली."

"तुमची झाली."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, हात्तिच्या! उद्या आणतो तिला.

१० एप्रिल

नालोंगो घरात नाही. चुलीवर मातोके केळीच्या पानांत बांधून ठेवलेत, अजून गरम आहेत. धाकटी जुळी म्हणाली, "आई मामाकडे गेली. तुम्हाला वाट माहीत आहे म्हणाली."

कोंबडा लुबोवाच्यापेक्षा मोठा बघायला हवा.