अठराव्या शाळेच्या बाई

दाजी,

नमस्कार. तुम्ही हेडमास्तर, मीही हेडमास्तर, आणि जिल्ह्यातल्या अठरा सरकारी शाळांना उंचीप्रमाणे रांगेत उभं करणारी ती गुणवत्ता यादी दरवर्षी आपल्या दोघांच्याही मानगुटीवर! तुमचा गुडघा आता जिना चढू देतो ना? ताईला सांगा, माझा घसा उत्तम आहे. (ती कपाळावर हात मारेल. मारू द्या.)

गुडघ्यामुळे तुम्ही परवाच्या बैठकीला आला नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो. यादी शिक्षणाधिकारी साहेबांच्या दाराबाहेर चिकटवली होती. मी ती पाहिली नाही. आमची शाळा वर्षानुवर्षं अठरावी. त्यासाठी चष्मा कशाला काढायचा? सरळ आत गेलो आणि बोलायला उभा राहिलो. धाकट्या भावाला कडेवर घेऊन जी मुलगी वर्गात बसते, तिचे कष्ट तुम्ही कोणत्या रकान्यात मांडणार, असं विचारलं (हा रकाना ऐन वेळी सुचला), तेव्हा मागचे हेडमास्तर बाकं बडवू लागले. पस्तीस मिनिटं बोललो. दोन क्रांत्या आणि तीन तत्त्वज्ञ येऊन गेले. शेवटी गरजलो, ही यादी साफ खोटी आहे!

साहेब चहा ढवळत म्हणाले, "मास्तर, तुमची शाळा सहावी आलीय."

दाजी, बसावं तर यादी खरी ठरते, उभं राहावं तर आमचा सहावा नंबर खोटा. मी पाणी प्यायलो.

ही सगळी करणी आमच्या गणिताच्या बाईंची. शेवटच्या शाळेला जिल्ह्याकडून एक जादा शिक्षक मिळतो, तशा त्या दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आल्या. मुलांकडून व्हरांड्याच्या फरश्या मोजून घेतल्या, पाण्याच्या टाकीवर घनफळ शिकवलं. कधी तोंड न उघडणारी सातवीतली पोरगी काल जिन्यात मला अडवून म्हणते, "सर, सकाळच्या भाषणात तुम्ही एकशे दहा टक्के मुलं म्हणालात. वरची दहा कुठून आणली?" दिवसभर मी हसतच होतो. एकंदरीत सहावा नंबर मला मानवतोय.

तुमचा मेहुणा

ता. क. निघताना यादी वाचली, सवयीप्रमाणे खालून. यंदा अठरावी शाळा तुमची आहे. म्हणजे नियमानं बाई एक तारखेपासून तुमच्याकडे! 'आम्हाला जादा शिक्षकाची गरज नाही' असा अर्ज सोबत जोडलाय. सही तेवढी करा.

ता. क. दुसरा. पत्र टाकायला बाईंकडेच दिलं, ही माझी अक्कल. त्यांनी ते माझ्यासमोर वाचलं आणि विचारलं, "सर, आपल्याकडे तर अशी कुणी नाही. भावाला कडेवर घेणारी ती मुलगी दाजींच्याच शाळेतली ना?" मी गप्प बसलो. (ताईचा विश्वास बसणार नाही.) खरंय, ती गोष्ट तुम्हीच मला सांगितली होती.

तो अर्ज मी फाडला. आता सोबत बाईंच्या हातचा अर्ज आहे: तीन दिवस तुमच्याकडे, तीन दिवस आमच्याकडे. बसनं वीस मिनिटं तर लागतात. वेळापत्रकही त्यांनीच आखलंय. माझी सही झालीय, तिच्याखालची जागा तुमची. गुडघ्याचं निमित्त चालणार नाही, सही हातानं करतात. शुक्रवारच्या आत करा!