मावशीने पाठवलेला मुलगा

१९ ऑगस्ट २००४, ट्रॉय, अमेरिका

सॅक भरली. साडेनऊ किलो. आईने नागपूरहून पाठवलेलं मेतकूट नको नको म्हणता आत गेलंच.

रेखामावशीचा (यापुढे रे.मा.) टेक्सासमधल्या प्लेनोहून या आठवड्यातला तिसरा फोन. एकटीने पाठीवर बिऱ्हाड घेऊन समुद्राकाठी हिंडायचं हे काय खूळ, असं म्हणेल वाटलं होतं. छे! "जा गं अनघा, मजा कर. उतरणार कुठे? कितव्या तारखेला? होस्टेलचं स्पेलिंग सांग." लिहूनही घेतलं.

रे.मा. आणि मजा कर? कुठेतरी पाणी मुरतंय. डिसेंबरमध्ये सत्यनारायण आहे ये म्हणाली, गेले, तर शिऱ्याच्या वाट्यांमागे एक मुलगा आणि त्याचे आईवडील बसलेले. मी जीन्समध्ये. मुलाच्या आईने विचारलं, हायवेला ड्राइव्ह करतेस का? ते चौथं स्थळ. तेव्हापासून मी ताकसुद्धा फुंकून पिते.

२१ ऑगस्ट, सीसाइड, ओरेगन

पोर्टलंडच्या बसमध्ये शेजारी इव्हाना (यापुढे इ.). क्रोएशियाची, स्प्लिट गावची. उन्हाळाभर इथे आइस्क्रीमच्या दुकानात राबली, आता घरी जायच्या आधी किनारा चालणार. तिचं सगळं आयुष्य समुद्राकाठी गेलंय. आमचा नागपूरकरांचा समुद्र म्हणजे फुटाळा तलाव. दोन तासांत ठरलं, दोघी बरोबर चालायचं.

पॅसिफिकमध्ये पाय बुडवून ओरडली, "हा समुद्र नाही, फ्रिज आहे! आमच्याकडे..." हे 'आमच्याकडे' आता रोज ऐकायचंय बहुतेक. आवडली मला. हिला तरी रे.मा.ने पाठवलेलं नाही, एवढं नक्की.

२२ ऑगस्ट, सीसाइड

सकाळी होस्टेलच्या किचनमध्ये शिरले आणि हिंग! तुपात जिरं, हिंग, ओरेगनमध्ये. दारातच थांबले. शेगडीपाशी एक उंच, चष्मेवाला पोट्टा मुगाची खिचडी ढवळत होता. माझ्याकडे बघून म्हणतो, "तुम्ही मराठी का?"

तुम्ही! होस्टेलमध्ये कोण कुणाला तुम्ही म्हणतं? बघायला आलेला मुलगा म्हणतो.

नाव मंदार (यापुढे मं.). मूळचा गुहागरचा. राहतो शुगर लँडला, टेक्सास. (टेक्सासखाली दोन रेघा.) शुगर लँड ते प्लेनो गाडीने चार तास. तेल कंपनीत इंजिनियर, एकटाच फिरायला आलाय. नेमका याच होस्टेलमध्ये, नेमका आजच.

इ.ने दोन ताटं खिचडी खाल्ली आणि मला न विचारता त्याला बरोबर चल म्हणाली. तो लगेच हो म्हणाला. एवढ्या लगेच कोण हो म्हणतं?

खिचडी चांगली होती. तेही संशयास्पदच.

२४ ऑगस्ट, कॅनन बीच

डोंगर ओलांडून आलो. चिखल, शेवाळं, पाय लाकडासारखे. इ. पुढे, आम्ही दोघं मागे. ती मुद्दाम पुढे जाते का? तिलाही सामील करून घेतलंय का? नाही, हे जरा अतीच होतंय.

पण त्याचे प्रश्न! "इंडियात परत जायचा विचार आहे का?" "स्वयंपाक आवडतो?" पाचव्या स्थळाची प्रश्नपत्रिका. मुद्दाम इंग्रजीत, मोठ्याने म्हटलं, "विचार नाही, आवडत नाही, आणि मी घोरते." तो हसला. पुढून इ. ओरडली, "खरंच घोरते!"

मग मी उलटतपासणी घेतली. प्लेनोला कोणी ओळखीचं?

"एकदा गेलो होतो, गणपतीत."

एवढंच. मीही विचारलं नाही. सापळ्यात उंदीर शिरला की आवाज करू नये.

२६ ऑगस्ट, हग पॉइंट

आज फजिती. इथला खडक ओहोटीतच ओलांडता येतो. भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक इ.च्या सॅकमध्ये भिजून लगदा झालं. मं. म्हणाला, त्यात काय! आज एकादशी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अकराचे सव्वाआठ. सव्वाआठला भरती, म्हणजे सव्वादोनच्या सुमारास ओहोटी. आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. मी काय बोलणार, नागपूरची. मान डोलावली.

सव्वादोनला पोचलो तर खडकाशी कमरेएवढं पाणी. मं.चा चेहरा बघण्यासारखा. मग कपाळावर हात मारला. "उन्हाळी वेळ! इथे घड्याळं तासभर पुढे केलेली असतात. चंद्राला कुठे माहीत?" तास झाला. पाणी अजून मांडीपर्यंत. "आता हा तास कोणाचा?" मी विचारलं. तो म्हणाला, "हा गुहागर आणि ओरेगनमधला फरक."

चार वाजता पार झालो. तोवर खडकाला टेकून बसलो. ब्रेडवर मेतकूट. इ. चक्क झोपली. मं.चे वडील रोजची भरतीची वेळ पडवीच्या भिंतीवर खडूने लिहायचे. गेले त्या दिवशी दुसऱ्या दिवसाची लिहून ठेवली होती. आईने ती पुसली नाही, अजून आहे. सांगितलं आणि म्हणाला, मेतकूट आहे का अजून? मीही काहीतरी बोलून गेले. अपार्टमेंटमध्ये एकटी असले की मी भिंतींशी मोठ्याने बोलते, हे. हे मी आईलाही सांगितलेलं नाही.

मधेच कधीतरी तुम्हीचं तू झालं. कोणी आधी केलं, आठवत नाही.

२७ ऑगस्ट, मॅन्झनिटा

दुकानाबाहेरच्या फोनवर मं. मी मागे जाऊन बुटाची नाडी बांधायला बसले. तीन वेळा बांधली. "हो काकू... जेवतोय नीट... नाही, अजून तिला काही सांगितलं नाही."

तिला म्हणजे कोणाला? इ.ला मराठीतून थोडंच सांगणार आहे?

नंतर विचारलं, कोण काकू? "शेजारच्या. माझी तुळस त्यांच्याकडे ठेवून आलोय." तिशीचा इंजिनियर, टेक्सासमध्ये, आणि तुळस! दुसरं कोणी म्हणालं असतं तर हसले असते. हसू आलं नाही. काकू कोण ते मला पक्कं माहीत आहे. तिचं घर प्लेनोला आहे आणि ती माझ्या आईची बहीण आहे.

२८ ऑगस्ट, न्यूपोर्ट

दोन बस बदलून इथे. सगळा वेळ खिडकीतून बाहेर बघितलं.

लिहूनच टाकते. मला हा आवडायला लागलाय. चालताना मागून येतोय की नाही हे मी बघते. डबक्यावरून उडी मारून मागे वळतो, हात पुढे करतो, तेव्हा मला बरं वाटतं. आणि म्हणूनच डोकं फिरतंय. चार वर्षं नको नको म्हटलं, ते एवढ्यासाठी की निदान हे एक तरी माझं मी शोधावं. आणि तेही रे.मा.ने होस्टेलचं स्पेलिंग विचारून माझ्या ताटात वाढलेलं निघावं? आणि हा रोज माझ्याबरोबर चालतो, वडिलांचं सांगतो, आणि हे लपवतो?

उद्या पौर्णिमा. मं. नारळ शोधत सुपरमार्केटात गेलाय, समुद्राला द्यायला. इ. मैत्रिणींसाठी दोऱ्याच्या वेण्या घालत बसलीये. तिच्याकडून लाल दोरा मागून घेतला.

२९ ऑगस्ट, न्यूपोर्ट, नारळी पौर्णिमा

केलं.

दुपारी तिघं पाण्यावर गेलो. नारळावर बारकोड चिकटलेला, तो त्याने नखाने खरवडून काढला. आंघोळ केलेली, धुतलेला शर्ट. वाटेत हळूच म्हणाला, "नारळ सोडला की तुला एक सांगायचंय."

झालं. आता प्लेनो येणार. रे.मा.चं नाव त्याच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती. त्याने टाकलेला नारळ लाटेने दोनदा परत आणला. तिसऱ्यांदा गेला. तो हसत वळला आणि मी म्हटलं, "हात पुढे कर."

लाल दोऱ्याची वेणी, मध्ये शिंपला. दोन गाठी मारल्या. "आज राखीपौर्णिमाही आहे ना!"

इ.ने टाळ्या वाजवल्या. "किती सुंदर! याचा अर्थ काय?"

"आजपासून हा माझा भाऊ."

तिच्या टाळ्या थांबल्या.

कॉलेजमध्ये आमच्या हातात राखी दिसली की पोट्टे कंपाउंडवरून उड्या मारून पळायचे. हा पळाला नाही. मनगटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ओवाळणी द्यायला हवी." खिशातून घडी घातलेला नकाशा काढून दिला. "घ्या. पुढे तुम्हाला लागेल."

तुम्हाला.

विचारलं, काय सांगणार होतास? "काही नाही. राहू दे."

मी जिंकले. नकाशा न उघडताच सॅकच्या तळाशी टाकला.

३० ऑगस्ट, न्यूपोर्ट

मं. सकाळच्या बसने दक्षिणेकडे गेला. इ.चा निरोप घेतला. मी बाथरूममध्ये होते. मुद्दामच.

इ.ने उरलेला लाल दोरा गुंडाळून ठेवला. शेवटी म्हणाली, "आमच्याकडे मुलगा नको असेल तर नको म्हणतात. भाऊ करत नाहीत."

तिला सगळं सांगितलं. मावशी, सत्यनारायण, शिरा, स्थळं. ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या मावशीने एक चांगला मुलगा पाठवला म्हणून तू त्याला हाकललंस?"

इंग्रजीत सांगितलं की सगळंच मूर्खपणाचं वाटतं. मराठीतही फार बरं नव्हतं म्हणा.

३१ ऑगस्ट, न्यूपोर्ट

फोनकार्ड काढलं, रे.मा.ला फोन लावला. नमस्कार नाही, काही नाही. म्हटलं, "मावशी, तू पाठवलेला मुलगा बघितला. राखी बांधून परत पाठवला."

पलीकडे तिने टीव्ही बंद केला.

"कोणता मुलगा?"

"मंदार."

"कोण मंदार? अगं, तो निखिल होता. सॅन होजेचा. एकवीस तारखेला त्याचा फोन आला, सुट्टी मिळत नाही, तिकीट कॅन्सल केलं म्हणून. तू चिडशील म्हणून मी तुला बोललेच नाही." मग श्वास घेतला आणि सुरूच झाली. "पण हा मंदार कोण? आडनाव काय? करतो काय? शुगर लँडला? अगं, मग हे आधी नाही का सांगायचं! ... काय बांधलंस म्हणालीस?"

"राखी."

"कर्म माझं! सत्तावीस वर्षांची घोडी झालीस, अक्कल कुठे गेली होती गं?"

फोन ठेवला आणि तिथेच कठड्यावर बसले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. कोणी न पाठवता, साध्या चेहऱ्याने तो आला, आणि मी त्याचे फोन ऐकायला नाड्या बांधत बसले.

म्हणजे खरंच तुळस?

पण रे.मा. खोटं बोलत असेल तर? निखिल म्हणून कोणी नसेलच तर? प्लेनोच्या गणपतीत त्याला मोदक वाढणारी रे.मा.च नसेल कशावरून? हे लिहितानाही माझं चालूच आहे. चोराच्या मनात चांदणं.

त्याने दिलेला नकाशा आज पहिल्यांदा उघडला. पेन्सिलने प्रत्येक खडकाशी ओहोटीची वेळ, आता दोन तास मिळवून. शेवटची खूण: १ सप्टें., याहाट्स, सकाळी ९. पुढे लिहिलंय, 'तिघं'. खोडलेलं नाही.

नकाशा इ.पुढे धरला. तिने वाचला नाही, नुसती सॅक भरायला घेतली.

१ सप्टेंबर, याहाट्स

पहिल्या बसने आलो. इ.ने मला ढकलूनच उतरवलं. "मी कॉफी घेते, तू जा," म्हणाली. अर्धा तास झाला, मी वरच्या बाकावर बसून लिहितेय.

तो खाली खडकांत आहे. ओहोटी बरोबर नऊला. डबक्यांत वाकून काहीतरी बघतोय. एकटाच.

जाऊन विचारायचं काय? 'तुला मावशीने पाठवलं होतं का?' की 'काय सांगणार होतास?' दोन्हींतलं एकच विचारता येईल. दुसरं विचारावं असं वाटतंय. आणि उत्तरात प्लेनो निघालं तरी? निघू दे. आधी ऐकेन, मग भांडेन. राखीसाठी माफी मागायची, हे मात्र सगळ्यात आधी. कोणत्या तोंडाने, ते माहीत नाही.

पाणी परत चढायला लागलंय. अजून तासभर तरी हे खडक उघडे असतील. हा हिशेब मलाही यायला लागला.

आत्ता तो सरळ उभा राहिला. इकडे बघितलं. ओळखलं बहुतेक. हात वर केला की नुसता डोळ्यांवर धरला, कळलं नाही. गार वारा आहे, स्वेटरच्या बाह्या पंजापर्यंत ओढलेल्या. राखी आहे की सोडली, इथून दिसत नाही.

खाली उतरल्याशिवाय कळायचं नाही.