सगळा दोष बुटांचा

९ जानेवारी
रिपोर्ट आला. डाव्या बाजूची गाठ तसलीच आहे. काखेतही थोडं काही आहे. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं की आधी केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन, वर्ष सहज जाईल. मी विचारलं, डिसेंबरात नदीकाठची शर्यत असते, एकवीस किलोमीटरची, जमेल ना? त्या म्हणाल्या की हलका व्यायाम चांगलाच असतो. म्हणजे हो.

येताना गाडी मीच चालवली. लोकांना ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईने शेजारी बसून घरी यायचं म्हणजे शोभत नाही. सिग्नलला नवऱ्याने माझा हात धरला. मी म्हटलं, गिअर टाकायचाय. त्याने सोडला.

संकल्प: केमो असो की फिमो, आठवड्यातून तीनदा धावायचं. रडायचं नाही. रडल्याने दम लागतो.

१२ जानेवारी, सकाळ
नणंदेला सांगितलं. ही नवऱ्याची धाकटी बहीण, पुढच्याच गल्लीत राहते. पाच वर्षांपूर्वी तिला मी हाताला धरून पळायला नेलं, तेव्हापासून रोज पहाटे दोघी. मैदानाच्या मधोमध उभी राहून रडायला लागली. मी म्हटलं, घाम थंड होतोय, चल. तिला धीर देता देता माझे नाकी नऊ आले. डिसेंबरात यंदाही दोघींनी एकत्र धावायचं ठरलं. म्हणजे मी ठरवलं. मी नसले तर ही अर्ध्यातून घरी जाईल, हे मला पक्कं माहीत आहे.

३ फेब्रुवारी
पहिला केमो झाला. विशेष काही नाही. चार दिवस पलंग ते बाथरूम एवढाच रूट. येता-जाता टाचा उचलून चालले, त्याला वॉर्मअप धरायला हरकत नाही.

नवरा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. काचा बदलत दिवसभर लोकांना ‘आता बरं की आधीचं बरं होतं’ विचारायचं, त्यामुळे तीच सवय घरी. माझी उशी वर केली, विचारलं. खाली केली, विचारलं. मी म्हटलं, आधीचं बरं होतं. त्यावर तो एकदम खोलीबाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही. मी उशीबद्दल बोलत होते.

२० फेब्रुवारी
केस गेले. वाऱ्याचा अडथळा कमी. पोहणारे लोक मुद्दाम काढतात म्हणे.

पहिलं धावणं! औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत. परत येताना बाकावर बसलो. नणंदेला धाप लागली होती म्हणून. तसं ती काही बोलली नाही, पण मला कळतं.

२७ मार्च
या महिन्यात तीनदाचं एकदा झालं. कारणं: तोंडाला सतत लोखंड चाटल्यासारखी चव. नखं काळी. एकदा पाऊण किलोमीटरवर ओकले, त्या दिवसाचं धावणं मोजायचं की नाही यावर नणंदेशी वाद. (मोजलं.)

सासूबाईंचा फोन. म्हणाल्या, दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, सबुरी ठेव. मी म्हटलं, मुंगीला म्हणावं जरा स्पीड वाढव.

आज थोडी रडले. पण शॉवर चालू होता, त्यामुळे संकल्प मोडला असं मी धरत नाही.

११ मे
सकाळी धावताना उजव्या खुब्यात दुखलं. इतका आनंद झाला की काय सांगू! गेल्या चार महिन्यांत अंगात जे जे झालं ते सगळं औषधाचं किंवा आजाराचं. हे मात्र अस्सल धावणाऱ्याचं दुखणं आहे, माझं स्वतःचं, कष्टाने कमावलेलं. घरी येऊन बर्फ लावून बसले आणि पहिल्यासारखी झाल्यासारखं वाटलं.

कारण उघड आहे. बूट. तळवे झिजलेत.

नणंद म्हणाली की डॉक्टरांना सांग. अशी कशी ही भोळी? धावणाऱ्याने डॉक्टरला दुखणं सांगायचं नसतं, हे आमच्यात शेंबडं पोरही जाणतं. सांगितलं की ते एकच म्हणतात, विश्रांती घ्या. गेल्या वर्षी तिची टाच दुखत होती तेव्हा मी कुणाला बोलले होते का? मग तिनेही बोलायचं नाही. शपथ घातली. घेतली तिने, पण तोंड पाडून.

२ जून
नवे बूट. महागडे, निळे. तरी दुखतंय. नवरा म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. त्याला वाटलं मला बुटांचा रंग आवडला नाही म्हणून मी धुसफुसतेय. खुब्याचं त्याला माहीत नाही आणि कळायची गरजही नाही; तो लगेच काचा बदलायला लागेल.

नवे बूट पायाला बसायला वेळ घेतात.

२४ जून
केमो संपले! डॉक्टरीणबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुठे काही दुखतं का. छे, म्हटलं. अंग कसं ठणठणीत. नवरा इतका हसला, किती तरी दिवसांनी. त्याचं ते हसू बघून वाटलं, खोटं बोलले ते बरंच केलं.

१२ जुलै, दवाखाना
ऑपरेशन परवा झालं. डावी बाजू सपाट. काखेतल्या गाठीही काढल्या. कुशीतून एक नळी निघते, तिच्या टोकाला बाटली, ती घेऊन हिंडायचं. व्हरांड्यात सहा फेऱ्या मारल्या. नर्स म्हणाली, कुठे पळून चाललात? मी म्हटलं, सराव.

ड्रेसिंग बदलताना खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं. लेक आता शिकायला परगावी असते; लहान असताना याच बाजूला झोपायची.

झोपून राहिल्यामुळे खुबा जास्त ठणकतोय. दवाखान्याच्या गाद्या कुणाला मानवल्यात?

३० जुलै
डावा हात वर जात नाही. व्यायाम असा: भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची, पालीसारखी. नवरा पेन्सिलने खूण करतो. रोज खूण जरा वर जाते. आज त्याच्या खांद्याच्या वर गेली, तर त्याने टाळ्या वाजवल्या. इतकं मन लावून त्याने आमच्या लग्नातही काही केलं नसेल. मला एकदम त्याची दया आली, आणि मग स्वतःची. बरं झालं, तोंड भिंतीकडे होतं.

२१ ऑगस्ट
पुन्हा धावणं सुरू! हळू, पण सुरू. नणंदेने ब्राच्या डाव्या कप्प्यात घालायला मऊ गादी शिवून दिली होती. चौकात ती सटकली, टीशर्टमधून खाली पडली आणि घरंगळत एका सायकलवाल्यासमोर गेली. त्या भल्या माणसाने उचलून दिली. बाई, तुमचं काहीतरी पडलं म्हणाला. आम्ही दोघी फुटपाथवर बसून हसलो. हसून हसून पोट दुखलं. मग नणंद हसायची थांबली. मी उशिरा थांबले.

उठताना तिने हात दिला. दोनदा द्यावा लागला.

९ सप्टेंबर
खुब्याचं खरं कारण सापडलं! डाव्या बाजूचं वजन गेलं. त्यामुळे शरीर उजवीकडे झुकतं, सगळा भार उजव्या खुब्यावर. शाळेतलं विज्ञान आहे हो, तराजूचं एक पारडं उचललं की दुसरं खाली. उगाच बिचाऱ्या बुटांना बोल लावला. नणंदेला समजावलं. ती म्हणाली, पण दुखायला लागलं तेव्हा दोन्ही बाजू होत्या. या बाईला चर्चाच करता येत नाही.

गादीत तांदूळ भरून वजन वाढवलं. फरक पडेल.

२६ सप्टेंबर
रेडिएशन चालू. त्वचा उन्हाने करपल्यासारखी झाली आहे. तरी आजपासून अर्धा दिवस शिकवायला जाते. आजची बाई साठीची, रिटायर्ड मुख्याध्यापिका. समोर बस आली की डोळे मिटतात. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला आणि खुब्यात अशी कळ गेली की माझेही डोळे मिटले. आम्ही दोघी डोळे मिटून, भर रस्त्यात. गाडी थांबली हे नशीब. बाई म्हणाल्या, तुम्हीसुद्धा घाबरता का? मी म्हटलं, अधूनमधून.

कारण: ब्रेक फार कडक आहे. मेकॅनिकला दाखवणे.

१४ ऑक्टोबर
मेकॅनिक म्हणाला, ब्रेक लोण्यासारखा आहे.

आज पाच किलोमीटरचा प्लॅन होता. दीडवर कठड्याशी थांबले. नणंदेला म्हटलं, तू हो पुढे, मी लेस बांधते. ती गेली आणि लगेच परत आली. लेस बांधलेलीच होती. तिने सरळ सांगितलं की वहिनी, मी आज दादाला सांगणार. मी तिच्यावर ओरडले. इतकी की वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. म्हटलं, तू सांगितलंस तर माझी शर्यत जाईल. ती म्हणाली, मग जाऊ दे की.

जाऊ दे की! तिला काय कळणार. शर्यत गेली तर माझ्याजवळ नुसता आजार उरेल. हे तिला सांगितलं नाही. दुसरंच काहीतरी लागेल असं बोलले, ते लिहीत नाही. रात्र झाली, तिने दादाला सांगितलेलं नाही.

६ नोव्हेंबर
थंडी पडली, सांधे धरणारच. जिन्यात मध्येच थांबले. पाय वरच्या पायरीवर जाईना. मागून नवरा आला. दुखतंय का, म्हणाला. मी म्हटलं, नाही, भिंतीला रंग द्यायला झालाय, ते बघत होते. तोही थांबला. दोघं भिंत बघत उभे राहिलो. फिकट निळा देऊ या म्हणाला.

१८ नोव्हेंबर
सकाळी मैदानाच्या फाटकाशी पाय गेला. म्हणजे घसरले वगैरे नाही. पाय टाकला आणि तो नव्हताच. नणंदेने मला वरच्या वर धरलं. घरी न नेता तशीच दवाखान्यात नेली. वाटेत मी म्हटलं, दवबिंदूंमुळे झालं. ती गाडी चालवत होती. तिला मीच शिकवलं आहे, क्लच अजून अर्धवट सोडते.

स्कॅन केला.

२२ नोव्हेंबर
तोच आजार आहे. हाडात गेलाय. उजवा खुबा, आणि पाठीत दोन ठिकाणी. बूट नव्हे, ब्रेक नव्हे, तराजू नव्हे.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधीपासून दुखतंय. मी म्हटलं, पंधरा दिवस झाले असतील. शेजारी बसलेली नणंद म्हणाली, मेपासून. शपथ मोडली. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, मी प्रत्येक वेळी विचारत होते हो. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आधी कळलं असतं तर? हे नवऱ्याने विचारलं. त्या म्हणाल्या की उपचार आधी सुरू झाले असते, हाड इतकं पोखरलं नसतं. त्यापुढचं त्यांनाही सांगता येत नाही. आता पूर्ण बरं होणार नाही, पण धरून ठेवता येईल, काही वर्षंसुद्धा. उजव्या पायावर भार टाकायचा नाही. आत सळई घालावी लागेल.

धावण्याचं मी विचारलं नाही.

२५ नोव्हेंबर
नवरा तीन दिवस बोलत नव्हता. आज बोलला. म्हणाला, तिला सांगितलंस आणि मला नाही. मी म्हटलं, तू घाबरला असतास. तो म्हणाला, मी घाबरलेलोच होतो, जानेवारीपासून, रोज, आणि तू सांगायचीस की दुखत नाही, म्हणून झोपायचो. मग त्याने तोंडावर टॉवेल धरला. माझ्या नवऱ्याला मी असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. उठून जवळ जावं तर वॉकर पलीकडे होता.

नणंद दारात उभी होती. म्हणत होती, चूक माझी, मी गप्प बसले. तिला कसं सांगू की तिची मुळीच नाही. सांगितलं. पटलं नाही तिला.

७ डिसेंबर
आज शर्यत. सळई घालून आठवडा झाला. नणंद जाणार नाही म्हणत होती, मी जवळजवळ हाकलली. वाटलं होतं, मी नसले की अर्ध्यातून परत येईल. दहाच्या आधी तिचा फोन. शर्यत पुरी करून पोचली होती. आजवर आम्ही दोघी कधीच इतक्या लवकर पोचलो नव्हतो. खूप लवकर पोचली. तिने नुसतं झालं म्हणून सांगितलं, वेळ मीच खोदून खोदून काढून घेतली. म्हणजे इतकी वर्षं ती माझ्यासाठी हळू धावत होती, आणि मला वाटायचं की मी तिला ओढते आहे.

फोन ठेवून पडून राहिले. दुपारी नवरा आला आणि विचारलं, दुखतंय का. हो, म्हटलं. तो खुर्ची ओढून बसला आणि विचारलं, कुठे. मग त्याला एकेक सांगत गेले, ते सांगून होईस्तोवर बाहेर अंधार पडला.