पिवळा, नंबर ४१

रविवार, ४ मे. सकाळी ७ वाजून २० मिनिटं.

शेडकार्डाची पट्टी सापाच्या पाठीशी धरून रंग जुळवत होतो. हात मनगटापर्यंत पेटीत. पिवळा, नंबर ४१ — तंतोतंत! ४० नाही, ४२ नाही. दुकानात दिवसभर मशीनवर लोकांच्या भिंतींचे रंग कालवतो, त्यामुळे याबाबतीत माझा डोळा फसत नाही.

टकल्या (शोभेचे मासे विकतो, साप मागच्या खोलीतून कापडी पिशवीत आणून दिला) म्हणाला, "अजगराचं पिल्लू आहे. झाडावर राहणारी जात, बिनविषारी. लहानपणी पिवळी, वर्षाच्या आत हिरवीगार. आणि हिरवा झाला की दुप्पट किंमत!" म्हणून दर रविवारी रंग नोंदवायचा. हिरवेपणा कुठल्या आठवड्यात सुरू होतो ते मला नेमकं पकडायचं आहे. आठवीत शाळा सुटली. एक तरी गोष्ट मुळापासून माहीत हवी.

सापाला मोजलेल्या अठरा हजारांपैकी बारा हजार ताईचे. शिलाईच्या नव्या मशीनसाठी तिने तीन वर्षं साठवलेले. वर्षाने दुप्पट करून देतो म्हणालो आहे.

उष्णता २८. आर्द्रता ७८. (हा शब्द शब्दकोशात पाहून लिहिला.)

सोमवार, ५ मे.

ताईने बर्फाच्या कप्प्यात उंदरांचा डबा पाहिला. "पाहुण्यांना सरबत करायचं, तर बर्फ कुठून काढू? उंदरांच्या उशाखालून?" मग पेटीसमोर जाऊन उभी राहिली. "हा दिवसभर असाच बसतो? हलत नाही, बोलत नाही, वेळेवर जेवण हातात. शेठच की!"

नाव पडलं. शेठ.

रविवार, ११ मे.

पिवळा ४१.

गुरुवार, २२ मे.

गोठलेला उंदीर कोमट पाण्यात सोडून लांब चिमट्याने दिला. शेठ फांदीला वेटोळं घालून, मान आखडून. मी डोळे उघडेच ठेवले होते, तरी कधी झेपावला ते दिसलं नाही! चिमट्याला हिसका बसला तेव्हा कळलं.

तोंड जवळून पाहून चित्र काढलं. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधोमध एक खळगा, दोन्ही बाजूंना. डोळ्यांवर खवल्यांची टोकं वर उभी. ताई म्हणाली, "अगं बाई, याला पापण्या! माझ्यापेक्षा लांब!"

रविवार, १५ जून.

४१. सहा आठवड्यांत अर्ध्या नंबरचाही फरक नाही. टकल्याला फोन केला. "घाई काय आहे? पोरगी आहे का, लगेच मोठी व्हायला?"

मी दुपारी डुलकी काढत होतो तेव्हा ताईने पाण्याचा फवारा मारताना शेठच्या पाठीवरून बोट फिरवलं! "मला वाटलं गुळगुळीत असेल. हा तर किसणीसारखा खरखरीत!" आधी तिच्यावर ओरडलो. मग वाटलं, भीती गेली तिची, बरंच झालं. आता मी नसताना पाणी ती घालेल.

रविवार, ३ ऑगस्ट.

४१. कार्डच उन्हाने विटलं असेल म्हणून दुकानातून नवीन कार्ड आणून पाहिलं. ४१.

ताईला शाळेच्या गणवेशांचं मोठं काम मिळतंय. नवीन मशीन सप्टेंबरमध्ये लागेल. "तुझे शेठ कधी हिरवे होणार रे?" हसत विचारलं, पण विचारलं.

रविवार, १७ ऑगस्ट.

कार्ड धरलं होतं. शेठने कार्डावर झडप घातली. हात झटकन बाहेर — झाकणाची कड लागून कोपर सोललं.

कार्डाला दोन भोकं. टाचणीने पाडल्यासारखी. दोन्हींतलं अंतर ७ मिलिमीटर. भोवती तेलकट, पिवळसर ओल. अजगराला तर दातांच्या ओळी असतात म्हणे. मग दोनच भोकं कशी? बाकीचे दात तुटले की काय? उद्या मालकांकडून अर्धी सुट्टी मागून डॉक्टरांकडे नेतो.

सोमवार, १८ ऑगस्ट.

जसं घडलं तसं लिहितो.

बसमध्ये पिशवी मांडीवर होती. आकडीने फांदीसकट उचलून पिशवीत घातला होता, वर गाठ. प्राण्यांच्या डॉक्टरांना आधी कार्ड दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. कार्ड उजेडात धरलं.

"हे कशात धरलं होतंस?"

"हातात."

"कुठल्या?"

उजवा दाखवला. त्यांनी तो पालथा-उताणा करून पाहिला. एकेक बोट. मग माझं चित्र पाहिलं.

"आणि साप?"

"हा काय." मांडीवरची पिशवी दाखवली.

"खाली ठेव. हळू. टेबलावर नाही, जमिनीवर. आता मागे सर."

अजगर नाही. झाडावरचा विषारी साप. खळगा पाहिला आणि त्यांनी ओळखला, पापण्यांनी खात्री पटली. ही जात जन्मभर पिवळी राहू शकते. याच्या विषावरचं औषध इथल्या एकाही इस्पितळात मिळायचं नाही.

मी विचारलं, "चावला तर काय करायचं?"

"तर मला फोन करू नकोस. मी जनावरांचा डॉक्टर आहे."

प्राणिसंग्रहालयाचा नंबर लिहून दिला. "त्यांच्या ताब्यात दे. पैसे मिळणार नाहीत. दंड होईल तो वेगळा. तू व्यवस्थित मुलगा दिसतोस, म्हणून तुझ्यावर सोडतो."

परत पायी आलो. पिशवी हात लांब करून धरली होती. पावणेदोन तास.

सोळा रविवार त्या पेटीत हात घातला. मी! जो गॅस बंद आहे का ते तीनदा बघतो.

मंगळवार, १९ ऑगस्ट.

पेटीच्या झाकणाला तारेचे चार वेढे दिले. ताईला सांगितलं, "कात टाकतोय, चिडका झालाय, हात घालू नकोस." ती म्हणाली, "शेठ लोकांचे नखरे!"

तिला खरं सांगितलं तर तिचे बारा हजार बुडाले हेही सांगावं लागेल.

बुधवार, २० ऑगस्ट.

टकल्याकडे गेलो. तो टाकीतलं शेवाळ खरवडत होता. मान वर केली नाही.

"मी साप विकला? मी मासे विकतो. पावती दाखव."

पावती नाही. मी, चहाच्या बिलाचीही पावती ठेवणारा!

माझे ओठ थरथरायला लागले. तसा तो हात पुसत जवळ आला. "रडतोस कशाला? मला पिवळा अजगर म्हणून मिळाला, मी पिवळा अजगर म्हणून दिला. तूही तेच कर. गिऱ्हाईक मी देतो. दोन हजार माझे."

मी निघून आलो.

गुरुवार, २१ ऑगस्ट.

प्राणिसंग्रहालयाचा नंबर दोनदा फिरवला. दोन्ही वेळा त्यांनी उचलायच्या आत ठेवला.

संध्याकाळी ताई मशीनच्या दुकानात जाऊन आली. हजार रुपये विसार देऊन!

टकल्याला फोन केला.

शनिवार, २३ ऑगस्ट. दुपारी ४.

गेला.

गिऱ्हाईक म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे एक वयस्कर गृहस्थ. ताई कापड आणायला गेली होती. ते बूट दाराबाहेर काढून, जोडीने नीट लावून आत आले. एकटेच राहतात. "पत्नी गेल्यापासून घरात फक्त टिकटिक. मांजर पाळावं तर शिंका येतात. हा बरा — गप्प बसेल, मीही गप्प बसेन." पेटीसमोर गुडघ्यांवर बसले, किती तरी वेळ. मागे वळले तेव्हा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"चावतो का हो?"

"मला अजून चावलेला नाही."

"हातावर घेता येतो?"

"मी कधी घेतला नाही."

यांत खोटं काय आहे? एक अक्षर नाही. आणखी एक प्रश्न विचारला असता तर सांगितलं असतं. जिन्यापर्यंत वाट पाहिली. त्यांनी विचारला नाही.

अठरा हजारांत ठरलं, पेटीसकट. नऊ हजार रोख. उरलेले दोन हप्त्यांत. "एक तारखेला सकाळी ठीक दहाला तुमच्या दारात. माझं घड्याळ मागे पडत नाही, बाळा."

काळजी कशी घ्यायची ते चार पानांवर लिहून दिलं. उष्णता, आर्द्रता, फवाऱ्याच्या वेळा, उंदराचं वजन, पेटीची सफाई. पानं दोनदा तपासली. शुद्धलेखनाची चूक एकही नाही. तारेचे वेढे मात्र त्यांनी जिन्यातच सोडायला घेतले. "गरीब बिचारा, कोंडल्यासारखा वाटतो." मी पेटी टॅक्सीत ठेवली.

रविवार, २४ ऑगस्ट.

सवयीने सातला उठलो. कार्ड हातात घेतलं. ठेवून दिलं.

ताईला सात हजार दिले. तिने माझ्या गालावर चापट मारली. "शेठ फळले!" गणवेशांचं कापड खोलीभर पसरलंय. ती गुणगुणते आहे. ऐकवत नाही.

सोमवार, १ सप्टेंबर.

साडेअकरा झाले. घड्याळजींची बस चुकली असेल.

बुधवार, ३ सप्टेंबर. सकाळी १० वाजून ५ मिनिटं.

हिशेब.

खर्च: साप १८,०००. पेटी ४,२००. दिवा आणि उष्णतामापक १,६५०. उंदीर १६ × ६० = ९६०. डॉक्टर ५००. एकूण २५,३१०.

जमा: घड्याळजींकडून ९,०००. त्यातले टकल्याला २,०००. ताईला ७,०००.

देणे: ताईचे ५,०००.

येणे: घड्याळजींकडून ९,०००. काल सहा वेळा फोन लावला, आज अकरा वेळा. पूर्ण वाजतो, कोणी उचलत नाही.

पत्ता लिहून घेतलेला आहे. गेलेलो नाही.