रूपालीची हनुवटी

४ ऑगस्ट २०२५
लिही. मी बोलते तसंच लिही, शाळेतल्यावानी नीट करत बसू नको. मला अक्षर येत नाय म्हणून काहीबी खपवशील!

तर — माझी नात सुलेखा, म्हणजे हे लिहिणारीच. तिचा खालचा जबडा पुढं. खालचे दात वरच्यांच्या म्होरं. पंचवीस वर्षं तशीच राहिली अन् आता नीट करायचंय. दीड वर्ष दाताला तारा बांधल्यात. येत्या सोमवारी ऑपरेशन. म्हटलं, पोरगं बघितलंस की काय? तर म्हणे, "आजी, मला भाकरीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडायचाय."

व्हय बाई. तोड.

५ ऑगस्ट
आज काही लिहायचं नाय.

७ ऑगस्ट
तू गप का, म्हणून मागं लागलीय. सांगते, पण हात थांबवू नको.

ही हनुवटी रूपालीची हाय. माझी लेक, हिची माय. काविळीनं गेली तेव्हा ही तीन वर्षांची. हिला मायचं काहीच आठवत नाय.

फोटो हायेत. पण समद्यांत रूपाली मान खाली घालून, ओठ दाबून. मीच सांगायची — हनुवटी आत घे, लोक काय म्हणतील. लग्नात बी तेच. ऐकायची बिचारी. एका फोटोत बी ती तिच्यासारखी नाय!

बावीस वर्षं मी सुलेखाकडं बाजूनं बघत आले. ही समजायची, आजीला कमी दिसतं.

थांबली बघा. "आजी, मग नको करू का?"

लिही — कर. एकीला तोंड लपवायला लावलं, तेवढं पुरे.

९ ऑगस्ट
औरंगपुऱ्यात डॉक्टरकडं गेलो. त्यांनी हिचा बाजूनं फोटो काढला, ऑपरेशनच्या आधीचा म्हणून. म्हटलं, मला एक द्या. ते म्हणाले, नंतरचा घ्या आजी, तो छान येईल.

छान कुणाला पाहिजे? हाच आणला.

१९ ऑगस्ट
ऑपरेशन झालं. तोंड रबरानं बांधलंय, बोलणं बंद. डाळीचं पाणी पिते. गाल भोपळ्यावानी. काय पाहिजे ते मोबाईलवर लिहून दाखवते. कुणाला? मला! दोघी लई हसलो. तिचं नुसतं डोळ्यांनी.

७ सप्टेंबर
सूज उतरली, पण तोंड अजून रबरानं बांधलेलंच. देखणी दिसते, खोटं कशाला बोलू. पण माझी नजर सवयीनं बाजूला जाते, अन् तिथं कुणी नसतं.

८ सप्टेंबर
डॉक्टरचा तो फोटो भिंतीला लावला, हार घातला. सुलेखा छाती बडवत खुणा करायला लागली — मी जिवंत हाय! म्हटलं, ही तू नाय. ही तुझी माय.

फोटोजवळ गेली. मग दोन बोटं उलटी केली अन् फोटोतली हनुवटी खालून वर घासली. हळूच. दोनदा.

लिही पोरी — निजायच्या आधी तू मायची हनुवटी अशीच घासायचीस. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.