कागदोपत्री अविवाहित भाऊ आणि राष्ट्रीय संघाचा गोलरक्षक

मी, पोलिक्रोनिस वार्दाकास, वय वर्षे चौऱ्याऐंशी, राहणार पेत्रोलाक्का, जिल्हा आर्केडिया, ग्रामपंचायतीचा निवृत्त चिटणीस, हे मृत्युपत्र स्वहस्ते आणि राजीखुशीने लिहीत आहे. मन शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांविषयी काही विचारत नाही. गेल्या नोव्हेंबरात लिहिलेले माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. ते का रद्द करावे लागले, ते कलम चारमध्ये येईल.

१. राहते घर, अंगण आणि मागची अक्रोडाची अकरा झाडे माझी पत्नी एव्दोकिया हिला, तिच्या पश्चात मुलीला. छप्पर डाव्या कोपऱ्यात गळते. ते दुरुस्त करतो असे मी १९९८ पासून म्हणत आलो आहे. ती जबाबदारीही घरासोबत हस्तांतरित होते.

२. पोस्टातली शिल्लक मुलीचा मुलगा क्रोनिस याला. प्रथेप्रमाणे त्याला माझेच नाव ठेवले आहे. तो गेली तीन वर्षे ग्रीसच्या आइस हॉकी संघाचा गोलरक्षक आहे. बर्फ मिळत नसल्याने हा खेळ तो अथेन्समधल्या एका पार्किंगमध्ये चाकांवर शिकला. मागच्या स्पर्धेत एकाच सामन्यात त्याच्यावर तेवीस गोल झाले. तो सांगतो की चोविसावा त्याने अडवला. शिलकीतून त्याने आधी समोरचे दोन दात बसवून घ्यावेत.

३. ग्रामपंचायतीचा गोल शिक्का निवृत्तीच्या दिवशी माझ्याकडून चुकून घरी आला, तो तसाच चुकून परत जावा. सोंगट्यांचा पट कॉफीवाला यर्मानोस याला. १९८७ च्या ईस्टरला त्याने कोपराने फासा उलटवला होता, हे मी विसरलेलो नाही.

४. माझा थोरला भाऊ स्ताथिस १९६९ साली माँट्रियलला गेला, तो घरातला एकुलता एक ओव्हरकोट अंगात घालून. वडिलांच्या मागे तो कोट आम्ही चर्चला जाताना आळीपाळीने घालत असू. तिकडे थंडी असते, म्हणाला. म्हणजे इकडे डोंगरावर जानेवारीत आम्ही जणू पंख्याखाली बसत होतो. मी शाळामास्तरांचा कोट मागून आणून लग्नाला उभा राहिलो. मास्तर बुटके होते. फोटो कपाटात आहे.

१९७१ साली त्याच्या लग्नाचा दाखला टपालाने आला. गावच्या नोंदवहीत चढवून घे, अशी सोबत चिठ्ठी होती. मी चिटणीस. मी दाखला खणात ठेवला. कोट आला की चढवू, असे ठरवले. कोट आला नाही. त्यामुळे नोंदवहीप्रमाणे माझा भाऊ चौपन्न वर्षे अविवाहित राहिला. त्याला मुलगा झाला नाही, आणि त्या न झालेल्या मुलाचा मुलगा दोन वर्षांपूर्वी मेपलच्या पाकाची बाटली घेऊन माझ्या दारात उभा राहिला.

त्याचेही नाव स्ताथिस. सहा फूट दोन इंच, आणि गोलरक्षक. आपल्या संघात बहुतेक असेच आहेत: आजोबा एक पेटी घेऊन गेले, नातू स्केट घेऊन परत आले. संघात येण्यासाठी दोन हिवाळे देशात खेळण्याची अट या पोराने अथेन्समध्ये राहून पुरी केली. राहिले नागरिकत्व, आणि त्यासाठी आजोबांचे लग्न नोंदवहीत हवे. माँट्रियलचे ते चर्च पुढे दप्तरासकट जळाले. काही कागद असेल का, असे त्याने मला विचारले. मी सांगितले, नोंदवहीत नाही. ते खरेच होते. त्याने आभार मानले आणि माझी वर्षभराची लाकडे फोडून रचून दिली.

मी गप्प राहिलो तो लाजेने, आणि क्रोनिसची जागा जाऊ नये म्हणून. शेवटी क्रोनिसलाच विचारले. तो म्हणाला, "आजोबा, मला त्या जाळ्यासमोरून कोणी उठवलं ना, तर मी त्याचे पाय धुईन."

तेव्हा नोव्हेंबरात मी लिहिले की माझ्या मृत्यूनंतर तो दाखला धाकट्या स्ताथिसला मिळावा. कागद त्याला पोचेल आणि तोंड दाखवायला मी नसेन, असा हिशेब. साक्षीसाठी यर्मानोसला वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशी सगळ्या संघाला कळले. स्पर्धा एप्रिलमध्ये आणि कागद देण्याची मुदत २८ फेब्रुवारी, हे मला त्यानंतर कळले.

मग फोन सुरू झाले. टोरांटोहून, व्हँकुव्हरहून, एक तर मेलबर्नहून. सगळी पोरे अतिशय नम्र. तब्येत विचारत. ठणठणीत म्हटले की वय विचारत. मी अजून अक्रोडावर चढतो का, असे एका बचावपटूने विचारले; चढतो म्हणताच त्याचा आवाज खुलला.

एव्दोकिया म्हणाली, "अख्खी टीम तुझ्या मरणाकडे डोळे लावून बसलीय. पण तू कसला वेळेवर मरतोस. जन्मात एक काम तरी तारखेच्या आत केलंयस का?"

धाकट्या स्ताथिसने मात्र फोन केला नाही. तो बसने आला. "आजोबा, मी वाट बघतोय असं मनात आणू नका," म्हणाला. "तुम्ही खूप जगा. मी बाकावर बसून क्रोनिसला पाणी देईन." आणि पुन्हा लाकडे फोडायला गेला. तेवीस गोल क्रोनिसला लागले नसतील तेवढा मला तो कुऱ्हाडीचा आवाज लागला.

त्याच रविवारी छप्पन्न वर्षांनी भावाचा फोन आला.

"पोल्या, मेलास का?"

"नाही."

"मग दे की तो कागद."

"कोट कुठाय?"

"तो? पहिल्याच थंडीत चाळणी निघाला रे. आठ दिवस तापानं फणफणत होतो मी."

हे ऐकून मला बरे वाटले, हे मी येथे लपवत नाही. पुढे आम्ही दोन तास बोललो. ते मृत्युपत्रात घालण्यासारखे नाही.

५. दिनांक १० फेब्रुवारी रोजी मी स्वतः, गावची नोंदवही आता जिथे असते त्या नगरपालिकेच्या नोंदणी खिडकीवर जाऊन दाखला दिला. अर्जात उशिराचे कारण लिहायला एक ओळ असते. तीस वर्षे मी दुसऱ्यांच्या अर्जांवर तिथे 'टपाल' लिहीत आलो. या वेळी 'राग' लिहिले. खिडकीतल्या मुलीने विचारले, हे कारण चालेल का. मी म्हटले, ओळीत बसते आहे. तिने शिक्का मारला, आणि माझ्या भावाचे लग्न झाले. जेवणाच्या सुटीपर्यंत त्याला मुलगा, सून आणि नातू होते. पुढचे कागद मुदतीच्या एक दिवस आधी पोचले. काल धाकट्या स्ताथिसचे नाव यादीत चढले. बाकावर आता क्रोनिस बसेल आणि त्याबद्दल तो सर्वांना कॉफी पाजतो आहे. सबब त्या दाखल्यापुरते माझ्याकडे मागे ठेवण्यासारखे काही उरलेले नाही.

६. एप्रिलच्या स्पर्धेदरम्यान मला मृत्यू आल्यास चालू सामन्यात गोलरक्षकाला कळवू नये. सामना संपेपर्यंत अंत्यविधी थांबवावा. बरोबरी होऊन खेळ लांबला, तरी थांबवावा. मला घाई नाही.

वरील सर्व मजकूर मी पुन्हा वाचला. एकही शब्द खोडलेला नाही. दोन खोडावेसे वाटले होते.

(सही) पोलिक्रोनिस वार्दाकास

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्याकडे साक्षीदार लागत नाहीत, पण गावाला लागतात:

१. यर्मानोस त्साकोनास, कॉफीवाला
२. फादर अनानियास, गावचे पाद्री. मन शाबूत असल्याची त्यांची साक्ष फक्त आजच्या तारखेपुरती आहे.

स्थळ: पेत्रोलाक्का
दिनांक: ५ मार्च २०२५